एकशे बारा नंबरचं पान

चरईत, पिठाच्या गिरणीला लागून, माझं बाइंडिंगचं दुकान.
काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं.
डावीकडे दीड इंच समास सोडायचा असा नियम आहे,
कारण तेवढी जागा मी खातो.

मंगळवारी दोन प्रबंध एकदम आले.
शर्वाणी केणी: सहकारी पद्धतीने इंग्रजी शिकवणे,
दिघ्याची पालिका शाळा, सहावी ब.
हेरंब भोपी: खाडीच्या खाऱ्या पाण्यात
भाताच्या मुळांची वाढ.
दोघांनाही शुक्रवारी हवं.
सगळ्यांनाच शुक्रवारी हवं असतं.

लाइट गेली, आली. पंखा पाचवर सुटला
आणि डिंक लागायच्या आधीच
दोन्ही गठ्ठे जमिनीवर.

आकड्यांचा उपयोग नाही. एकशे बारा दोघांनाही आहे.
म्हणजे वाचणं आलं.
पुस्तकाच्या कण्यावर जेवढं मावतं
तेवढंच माझं इंग्रजी.
आमच्या वेळी वर्गात पंच्याऐंशी पोरं;
उत्तर आलं नाही की उभं राहायचं.
मी दहावीपर्यंत उभा होतो.

गिरणीतून पांचाळ आले, हात पिठाचे.
त्यांची नववीतली ऋतुजा आली.
इस्त्री बंद करून रामसुमेर आला, म्हणाला, साडेनऊपर्यंत थांबतो.
ऋतुजा वाचायची. पांचाळ विचारायचे, म्हणजे काय?
मी कोपऱ्यात पेन्सिलीने 'शा' नाहीतर 'मू'.
रामसुमेर घड्याळाकडे बघायचा.

"पहिले तीन दिवस हालचाल नाही.
चौथ्या दिवशी बाजूने फुटवा."
मू.
"चौघांचा गट. एक वाचतो, एक विचारतो,
एक लिहितो, एक वेळ बघतो."
इथे ऋतुजा थांबली, आमच्याकडे बघून हसली,
पुढचं पान घेतलं.
"क्रमांक चौदा. मीठ वाढलं की थबकते,
कडेकडेने जागा शोधते."
"क्रमांक चौदा. पाच आठवडे एक शब्द नाही.
सहाव्यात शेजारणीच्या कानात: वॉटर."
हे मी मुळांच्या गठ्ठ्यात टाकलं होतं.
पाणी म्हटलं, म्हणजे भातच की!
ऋतुजाने काढून घेतलं. काका, ही मुलगी आहे.

'ग्रोथ' तर दोन्हीकडे होतं. त्याने काही ठरेना.

साडेनऊ कधीच वाजून गेले.
शेवटी एक पान उरलं, आकडा नसलेलं,
वर एकच ओळ:
"वाढ दिसली. या मोजपट्टीने मोजता आली नाही."
पांचाळांनी विचारलं, कोणाचं?
रामसुमेर म्हणाला, फोन लावा.
लावला. शर्वाणी मॅडम म्हणाल्या, माझंच असणार.
हेरंब म्हणाला, अहो, शोधतोय कधीचा.

मी झेरॉक्स काढली.
मूळ पान कुठल्या प्रबंधात गेलं, आता सांगता येत नाही.
त्याच्या कोपऱ्यावर पांचाळांचा अंगठा उमटलाय, पिठाचा.
फुंकर मारली. निघाला नाही.
तसंच शिवलं.