दहा घमेली चुना

घोरपडीच्या चर्चची तपासणी
माझ्याकडे आली टेंडरमधून.
माझ्या पणज्याने तिथला दगड घडवला
हे फॉर्मात कुठे लिहायचं?
रकाना नव्हता.

फादर ओताव्हियो बेर्झोनी.
शिक्षण : धर्मशास्त्र. वास्तुशास्त्र : हौस.
नकाशे काढले बाप्तिस्म्याच्या वहीतल्या
पाठकोऱ्या पानांवर.
उजेडात धरलं की कमानीतून दिसते
मारिया फ्रान्सिस, वय अकरा दिवस.

मराठी तो खडकीच्या भाजीवालीकडून शिकला,
म्हणून चुन्यालाही विचारायचा,
ताजा आहे ना?

घंटेचा जिना. कागदावर एकवीस पायऱ्या.
हणमा वडार आठवीवरच म्हणाला,
सायेब, ह्यो दारात न्हाई जायचा,
भितीत जायचा.
फादरने कागद दाखवला.
हणमाने दोरी दाखवली.
कागद जिंकला.

एकविसावी पायरी भिंतीत गेली.

मग, आमच्या घरी सांगतात तसं,
फादरने तिथेच गुडघे टेकले
हणमासमोर, आणि म्हणाला,
माझी चूक. माझी फार मोठी चूक.
हणमा मरीआईला कोंबडं देणारा माणूस,
त्याला काय ठाऊक यातलं?
आधी वाटलं, म्हातारा मजुरी कापतोय.
कानावरची विडी काढली, परत ठेवली.
बऱ्याच वेळाने बोलला,
धा घमेली चुना मळा.
तुमच्या पायांनी.

मळला.
झगा कमरेला खोचून,
गुळाचं पाणी, हिरडा, वाळू,
तळवे उलले तरी
दहाच्या दहा.
त्याच चुन्यात हणमाने शेजारी
दुसरा जिना बांधला, नीट दारात जाणारा.
पहिला पाडू का, विचारलं तर
फादर म्हणाला, राहू दे,
बसायला होईल.

आज हातोडीने भिंत वाजवत गेलो.
पुष्कळ ठिकाणी बद आवाज, प्लास्टर सुटलेलं,
पिंपळाची मुळं, कबुतरं.
दुसऱ्या जिन्यापाशी टण्ण.
लिहिलं :
जिना क्र. १. कुठेही जात नाही.
शिफारस :

पेनाला टोपण लावलं.
हेल्मेट मांडीवर घेऊन वरच्या पायरीवर टेकलो,
तेव्हा हाताला लागलं,
दगड झिजलाय दोन जागी,
शेजारी शेजारी.

हे घरी कुणी सांगितलं नव्हतं.