आबला

बुधवारचा बाजार रस्ता अडवायच्या आत
रुकय्या आपा भद्रकालीच्या दवाखान्यात आल्या,
उजवा हात ओल्या ओढणीत धरून.
चिवड्याच्या भट्टीवर पोह्यांचा झारा निसटला,
मनगटापासून करंगळीपर्यंत तेल.

मी वही उघडली. काय झालंय?
"आबला."

मला ऐकू आलं अबला.
गेल्या वर्षात हा शब्द मला
वकिलानं लावला, मोठ्या दिरानं लावला,
कोर्टाच्या कागदावर टायपिस्टनं न विचारता लावला.
म्हणून जरा जोरातच म्हटलं,
इथं कुणी अबला नाही. हात दाखवा.

त्या हसल्या, हात हलला, कळवळल्या,
पुन्हा हसल्या.
"काना आहे, बाई. आ करा,
घसा दाखवताना करतात तसा."
म्युनिसिपालटीच्या उर्दू शाळेत तीस वर्षं.
आता मुलाच्या भट्टीवर हिशेब बघतात,
आणि कुणी बघत नसलं की झारा.

आब म्हणजे पाणी.
तुमच्याकडेही आलंय ते, म्हणाल्या,
गुलाबात आहे, जुलाबात आहे
(हे मला पटलं, रोज चार कागद त्याचेच लिहिते),
अबकारीच्या पाटीवर आहे,
आणि आब राखून राहा म्हणता
तेव्हाही तेच,
फक्त सांडू न दिलेलं.

घरी मात्र त्याही छालाच म्हणतात.
"आबला शेरात असतो. तोही पायाला.
हाताला आलेला मीच पहिल्यांदा म्हटला असेल."

मी कापूस भिजवला.
आम्ही म्हणतो फोड.
नावातच हुकूम.
आणि वीस वर्षं या स्टुलावरून मी सांगतेय,
फोडू नका, पाणी राहू द्या,
त्याच्या सावलीत नवी कातडी येते.
ऐकतात, घरी जातात, सुई शोधतात.
आंब्याची फोड, अर्थाची फोड,
आतलं बघितल्याशिवाय आम्हाला करमत नाही.

सगळ्यात मोठा अंगठ्याच्या मुळाशी होता,
थॉमसन द्राक्षाएवढा.
त्यात खिडकी दिसत होती, गजांसकट.

"लंगडताय का?"

श्रावणातला तिसरा सोमवार परवाच झालेला.
ब्रह्मगिरीची फेरी, अनवाणी, रात्रभर.
कशासाठी ते मी घरीही सांगितलं नव्हतं.
"गर्दीत कुणाचा तरी पाय पडला," म्हटलं.

"आबला-पा," त्या म्हणाल्या, हळू,
वर्गात शेवटच्या बाकावरचं नाव घ्यावं तसं.
"ज्याच्या पायांना ते आलेत, तो.
आमच्यात याला कुणी हसत नाही."
पुढे एक ओळ म्हणणार होत्या,
तेवढ्यात बाहेर नंबर पुकारला.

वहीत लिहिलं: उजवा हात, तेल, फोड तीन.
फोड खोडलं.
आबला, तीन, न फुटलेले.

दुपारी डॉक्टर म्हणाले, हे अबला काय लिहिलंय?
काना बघा, म्हटलं.
मग दार लोटलं, स्टुलावर बसले
आणि बूट काढले.