पाय बघायचे आधी

हळदीच्या ट्रकमधून आलं होतं ते,
निजामाबादच्या पोत्यांच्या फटीत दडून.
पाठीवर पिवळ्या चांदण्या.
हमाल म्हणाले, कासव आहे, शुभ असतं.

मी सातवीत. सायकलच्या कॅरिअरला
पिशवीत बांधून हरिपूरला नेलं,
वारणा कृष्णेत शिरते तिथं,
आणि दोन्ही हातांनी सोडलं,
पुण्य केल्यासारखं.

ते पोहलं नाही.
खांबासारखे चार पाय
पाण्यात जमीन शोधत राहिले.
मग चांदण्या खाली गेल्या,
सगळ्या एकदम.

गंगाप्पा भोई होडीतलं पाणी उपसत होता.
शिवी देईल वाटलं. दिली नाही.
"कोरड्यातलं होतं ते, पोरा.
पाय बघायचे आधी.
आमचं नदीतलं, त्याच्या बोटांना पडदा,
पाठ ओल्या चामड्यागत.
आन् दर्यातलं असलं तर वल्हीच.
मेव्हण्यानं बघितलंय माझ्या, देवगडला.
अंडी घालायपुरतं वर येतं म्हणं, रडत रडत."

"मग नावं काय त्यांची?"
"कासवच की."

आता मुलीला शाळेतून
इंग्रजीतले तीन शब्द पाठ करायला दिलेत.
ती घोकते, चुकते,
कुठला कुणाचा, मला विचारते.
माझ्याही लक्षात राहत नाही.

संगमेश्वराच्या देवळात
फरशीत जडवलेलं आहे एक, दगडाचं.
पिंडीकडे जाण्याआधी
दरवेळी मी तिथं वाकतो.
लोकांना वाटतं, नमस्कार.

पाय आत ओढलेले आहेत.