तीन बांधांचा नाका

आगर होतं आमचं घणसोलीच्या खाडीला.
बत्तीस कोंड्या. माझी बहीण द्वारका, तेव्हा नऊ वर्षांची,
अनवाणी सगळे बांध चालायला निघायची.
एकाही बांधावर दुसऱ्यांदा पाय पडता कामा नये, असा तिचा पण.
रोज अडकायची.
मग एका दुपारी फावडीच्या दांड्यावर हनुवटी टेकून म्हणाली,
"बाबा, ह्यो जमाचा नाय. तीन बांध जिथं भेटतान,
तिथं मानूस येतं, जातं, फिरून येतं न् अरकतं."
बाबा मिठाची रास ओढत होते. मान वर न करता बोलले,
"मानूस अरकतं. पानी नाय अरकत, बाय.
पानी येकदम सगलीकरं जातं."

पुढं ती शिकली. ठाण्याच्या कॉलेजात
तिचं बोलणं ऐकून पोरी हसायच्या,
ती फळ्यापुढं गेली की हसू थांबायचं.
पीएचडीला एकोणीस वर्षं लागली. मी मोजलीत,
कारण मधली सात आई अंथरुणात होती
आणि भाकऱ्या द्वारकाच थापायची,
पिठाच्या परातीत बोटानं जाळ्या काढत.

तिनं काय शोधलं ते मला विचारू नका,
मी रिक्षा चालवतो.
एकदाच सांगितलं होतं, कोपरखैरण्याच्या सिग्नलला:
"एकेक वाट मोजत बसले तर जन्म पुरायचा नाही, बारक्या.
मी पाणी सोडते. सगळ्या वाटा एकदम भरतात.
कुठं किती चढलं, तेवढंच बघते."
बुडापेस्टहून पत्र आलं, तिच्या नावापुढं 'मिस्टर'.
ते तिनं फ्रिजवर लावलं, मासळीच्या हिशेबाशेजारी.

आगर सिडकोनं घेतलं. साडेबारा टक्क्यांच्या कागदावर
कारकुनानं तिरक्या जमिनी चौकोनी धरलेल्या.
बेलापूरच्या कचेरीत ती तीन सोमवार बसून राहिली.
चौथ्या सोमवारी साहेबानं पेन तिच्याच हातात दिलं.
अकरा घरांचे मिळून दोनशे सहा चौरस मीटर परत आले.
गावात सत्कार झाला तो त्याचा:
शाल, नारळ, आणि फलकावर नाव चुकलेलं.

गेल्या पौषात गेली.
आगराच्या जागी आता सेक्टर.
रात्री भाडं नसलं की मी तिथले रस्ते
एकेकदाच धरून फिरायला बघतो.
पाण्याच्या टाकीमागं तीन रस्ते भेटतात.
तिथं इंजिन बंद करून बसतो जरा.
गटारातून चढलेलं भरतीचं पाणी
चाकांच्या दोन्ही बाजूंनी
पुढं निघून जातं.