खाच

पुंडलिक निमजे पट्टी बसवतो तेव्हा
बोलत नाही.
दातांत पेन्सिल, चष्म्याला सुतळी,
हिंगणा एमआयडीसीतल्या शेडचा पत्रा
मे महिन्यात वरून तडतडतोय,
आणि तो प्लायवूडमधल्या फटीत
पोलाद उभं करतो,
रबरी हातोडीचे चार हलके ठोके देऊन,
जशी त्याची आई तांडापेठेत
फणीच्या दातांतून ताणा ओवायची.
हे मी म्हणत नाही. तोच म्हणाला होता,
माग विकला त्या वर्षाचं सांगताना.

पट्ट्या दोन जातीच्या.
एक कापणारी.
दुसरी बोथट, जरा बुटकी, नुसती दाबते.
कागद तिथे तुटत नाही, तिथून दुमडतो.
"अर्ध्या मिलिमीटरचा फरक हाय, बाई.
तेवढ्यात ठरते, फाटाचं का वाकाचं."

संत्रा बर्फीचा अर्ध्या किलोचा डबा
असा सपाट जन्मतो,
तळ, चार भिंती, झाकण, खोचायची जीभ,
सगळं एकाच पातळीत हातपाय पसरून.
अजून बर्फी नाही, रबरबँड नाही,
बर्डीच्या दुकानात घासाघीस करणारं गिऱ्हाईक नाही.
आधी मशीन मिटते, उघडते,
मिटते, उघडते,
आणि मधल्या वेळात अस्लमचा हात
कागद ठेवून बाहेर आलेला असतो.
आजवर आलेला आहे.
त्याच्या आधी तिथे कोण होतं
ते शेडमध्ये कोणी काढत नाही.

माझं काम शेवटचं.
शंभर शीटांची थप्पी, हातात लाकडी ठोकणा,
नको तो भाग ठोकून पाडायचा.
पहिल्याच आठवड्यात मी विचारलं,
पट्टीला एवढी धार,
मग डबा मशीनमध्येच सुटून का पडत नाही?
त्याने डाय दाराच्या उजेडात तिरपी धरली,
माझं बोट धरून धारेच्या अंगाने नेलं
आणि थांबवलं.
खाच.
नखाला कळेल, डोळ्याला नाही.
"इथं मुद्दाम कापू देत नाही मी.
नाही तं आतच सांडन समदं.
तुह्या हातात येईपावेतो
धरून ठेवाले पायजे ना कोणी."

खाच मोठी झाली तर डब्याच्या कडेला मिशी राहते,
दुकानदार माल परत पाठवतो.
लहान झाली तर सगळा दिवस
मशीनच्या पोटातून चिंधोट्या काढण्यात जातो.
याचं माप कुठे लिहिलेलं नाही.
कागदाची जाडी, हवेतली ओल, अस्लमचा वेग
आणि मालकाची घाई, सगळं धरून
तो ग्राइंडरचं चाक एकदाच टेकवतो.
एकदाच. फूल पडावं एवढी ठिणगी.

बुटीबोरीला आता लेझर बसलं.
चित्र मोबाईलवरून जातं,
तिसऱ्या दिवशी डाय येते, पट्ट्यांसकट, नेमकी,
जळक्या लाकडाच्या वासाची.
पुंडलिकभौची करवत खुंटीला आहे.
खाचा तेवढ्या मालक अजून त्याच्याकडूनच पाडून घेतो,
डायमागे साठ रुपये.
आधी माग होता, बारा फुटांचा.
मग पाट, मग पट्टी.
आता त्याचा धंदा पाव मिलिमीटरचा उरला
असं तोच हसत सांगतो
आणि बिडी विझवून परत पेटवतो.

डबे गेले की शीटची जाळी उरते.
रद्दीवाला किलोने नेतो.
मी एक घरी आणली, जयताळ्याला,
पश्चिमेच्या खिडकीला चार खिळ्यांवर लावली.
चारनंतर फरशीवर डब्यांचं ऊन पडतं,
आणि माझी रेवती त्यातून लंगडी घालते,
भिंतीवर पाय पडला की आउट, झाकणावर चालतो.

कोपऱ्यातला एक डबा सुटायचा राहून गेला होता.
ठोकणा घरी नव्हता, बोटाने ढकलणार
तर ती म्हणाली, राहू दे.
राहू दिला.
कूलर लावला की तो झडपेसारखा
आत होतो, बाहेर होतो,
कागदाच्या दोन धाग्यांवर.