दुहेरी ल

तांबट आळीत चिंधूशेठ हाताने ऐकायचे.
कान चाळिशीतच गेले, ठोक्यांखाली.
हंड्याच्या पोटावर तळवा ठेवून सांगायचे,
"इथं अजून कच्चा बोलतोय."

देवळालीच्या कुठल्याशा बंगल्यातली मोड
वजनावर घेतली, तिच्यात एक पेटी आली:
बंब, दोन फुटकी घंगाळी,
आणि तळाशी कविता. इंग्रजी नव्हे. वेल्श.
सोबत इंग्रजी अर्थांचा कोश,
एमपासून पुढे वाळवीने खाल्लेला.

चौथीत पाटी फुटली, ती कुणी परत आणली नाही.
इंग्रजी शिकले औषधांच्या खोक्यांवरून
आणि थोडं माझ्याकडून. मी वाचनालयात,
देवघेवीच्या खिडकीशी.
सहाला यायचे, बोटांना चिंचेचा वास;
पुस्तकाला शिवण्याआधी हात धोतराला पुसायचे.

"हा लिहिणारा, देशमाने, पाट्यांच्या खाणीत होता.
डोंगर फोडून पाट्या काढायचा. शाळा नाही.
माझी पाटी यानंच खणली असेल, बघा."

अकरा वर्षं. त्रेचाळीस कविता,
उधारीच्या वह्यांत, मागच्या बाजूने.
एकदा हसत आले: "त्यांच्यात शब्द
शेजारी कोण बसलंय ते बघून
पहिलं अक्षर बदलतो. अगदी आपली आळी!"
आणि वाळवीने खाल्लेले शब्द?
"ते ठोकून ठोकून आकाराला आणले.
गळत असतील."

एका अक्षरापाशी मात्र अडले.
दोन ल, शेजारी शेजारी.
कोशात लिहिलं होतं: जीभ ल ला लावा,
आवाज करू नका, हवा सोडा.
मी करून दाखवलं.
त्यांनी माझ्या तोंडापुढे तळवा धरला,
मान हलवली.
महिन्याभराने मला भट्टीपाशी बोलावलं,
लाल पत्रा चिमट्यात धरून पाण्यात सोडला.
"हे. हे मी लहानपणी ऐकलेलं आहे."
मराठीत कसं लिहायचं मग?
वहीत तेवढी जागा त्यांनी कोरी ठेवली,
प्रत्येक वेळी.

छापायला एकाने नेल्या होत्या वह्या. परत आल्या.
नाशकात वेल्श कोण वाचणार, असं म्हणाला.
तसं चूक नव्हतं ते.

परवा मुलीने फोनवर
तिकडचा कुणी म्हातारा लावून दिला.
आपल्या गावाचं नाव सांगत होता;
नावाची सुरुवातच त्या अक्षराने.
मी फोन कानाला लावला,
मग काढला,
आणि तळव्यावर धरला.