उठले, बसले

पावणेसात. कवडीच्या बंधाऱ्याखाली फेस,
अख्ख्या पुण्यानं रात्रभर कपडे धुतल्यासारखा.
वासाची सवय होते इथं;
तो घरी गेल्यावर मफलरमधून निघतो.

दोरीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं रखमाजींच्या.
मधे पंचवीस मीटर, आणि जागोजागी
खडे घालून बांधलेली पावडरीची डबडी.
चिखलावरून ओढत न्यायची, लव्हाळ्यावरून,
जलपर्णीच्या कडेकडेनं.
उठेल तो पाणलावा मोजायचा.

उठतो तेव्हा कापड टरकन फाटावं तसा आवाज,
मग डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे,
दुर्बीण डोळ्याला लागेस्तोवर
तो सोलापूर रस्त्याकडच्या उसात.
एक, मी म्हणते.
दोन होते, रखमाजी म्हणतात.
वहीत दीड लिहिता येत नाही.

आणि न उठलेले?
एकोणतीस वर्षं मी वर्गात सांगत आले,
दिसलं नाही म्हणजे नाही, असं समजू नका.
पेपर तपासताना मात्र
कोरं पान दिसलं की शून्य.

कॅम्पातल्या केर्सीकाकांनी परवा
वडिलांची शिकारीची वही दाखवली.
वाळवीनं कोपरे खाल्लेले, शाई अजून निळी.
कवडी, नाताळच्या आदला दिवस,
साडेसतरा जोड्या.
या पाखरांची गणती तेव्हा जोडीनं व्हायची.
अर्धी जोडी म्हणजे काय, ते मी विचारलं.
शेवटचा एकटा मिळाला असेल, डिकरा, ते म्हणाले,
आणि चहात खारी बुडवली.

एवढाच जुना आकडा आहे आपल्याकडे.
मेलेले पस्तीस. नेमके.
त्यात कसलाही अंदाज नाही.
त्या दिवशी चिखलात किती उरले
ते लिहायला रकानाच नव्हता.

चौथ्या पट्ट्यात दोरी अडली.
रखमाजी उभे, एक पाय वर, बगळ्यासारखे.
बोलले नाहीत, नुसती हनुवटी खाली केली.
त्यांच्या टाचेपासून वीतभर अंतरावर
वाळक्या पात्यांच्या रंगाच्या पाठीवर
पिवळ्या रेघा. एक डोळा.
छोटा पाणलावा. हा पायाखाली आल्याशिवाय
उठत नाही, असं पुस्तकात वाचलेलं,
आणि पुस्तकातही त्याच्याबद्दल दीडच पान.

डबडी वाजवायची, हा नियम मीच केलेला.
रखमाजींनी खडे मुठीत धरले,
दोरी वर उचलली, झोपलेल्या पोरावरून
गोधडी काढून घ्यावी तशी,
आणि पलीकडे टेकवली.
तो तिथंच. श्वासानं पाठ हलत होती.

वहीत "उठले" असा एकच रकाना.
अकरा.
मी पेन्सिल चाटली, समासात काहीतरी लिहू लागले.
चला बाई, रखमाजी म्हणाले,
ऊन चढायच्या आत
अजून तीन पट्टे आहेत.